राहायला पिरनवाडीत, सिम कोल्हापूरचं, खातं निपाणीत : सायबर गुन्ह्याची तक्रार कुठं करायची आणि तपास कसा होतो?

पिरनवाडी : बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग या पट्ट्यात दोन-तीन राज्यांशी नाती असलेली घरं काही कमी नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीला, लेक चंदगडला दिलेली, मोबाईलचं सिम कोल्हापुरात घेतलेलं, बँकेचं खातं निपाणीत आणि मोठे काका गोव्यात. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. पण मोबाईलवरून पैसे गेले की हाच माणूस आधी विचारतो, 'तक्रार कुठं करायची? बेळगावात, कोल्हापुरात, का जिथं खातं आहे तिथं?' याला विचार, त्याला विचार, असं करण्यात एक-दोन दिवस जातात. चोरट्यांना तेवढ्या वेळाचीही गरज नसते.

उत्तर सोपं आहे. जिथं आहात तिथून, त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर. हद्द कुणाची हे नंतर ठरतं. असं का, हे समजण्यासाठी सायबर गुन्ह्याचा तपास नेमका कसा चालतो ते माहीत असायला हवं. हा तपास पैसा, नंबर आणि यंत्र या तीन धाग्यांवर चालतो आणि हे तिन्ही धागे दर तासाला झिजत असतात.

धोका आपल्या दारात

मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातील बिडी येथील एका वृद्ध दाम्पत्यानं जीवन संपवलं. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवरून धमकावून त्यांच्याकडून ५० लाखांहून अधिक रक्कम उकळली होती. पैशांच्या वाटेनं बेळगाव पोलिसांचा तपास गुजरातमधल्या सुरतपर्यंत गेला आणि तिथून एका संशयिताला अटक झाली. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून निघालेला पैसा कुठवर जातो, हे या एका प्रकरणातून दिसतं.

'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय कुणालाही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'चौकशीसाठी' पैसेही मागत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये यावर इशारा दिला होता. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा ७,४६५ कोटी होता, म्हणजे वर्षभरात तिप्पट झाला.

आणि आपला भाग फक्त फसणाऱ्यांचा आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव शहर पोलिसांनी शहरातच चालणाऱ्या एका बनावट कॉल सेंटरवर छापा टाकून ३३ जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेतल्या लोकांना फोन करून फसवण्याचा धंदा तिथं चालल्याचं पोलिसांनी सांगितलं.

पहिला धागा : पैसा

समजा, पिरनवाडीतल्या एका कामगाराच्या खात्यातून ८० हजार रुपये गेले. चोरटा ती रक्कम एका खात्यात ठेवून बसत नाही. काही मिनिटांतच ती दोन-चार खात्यांत वाटली जाते, तिथून आणखी दहा खात्यांत. पोलिसांच्या भाषेत याला 'थर' म्हणतात. पहिल्या थरात पैसा सापडला तर तो थांबवणं सोपं असतं. तिसऱ्या-चौथ्या थरात गेला की तो एटीएममधून रोख निघतो, नाहीतर आभासी चलनात बदलून देशाबाहेर जातो.

ही खाती बहुतेक वेळा चोरट्याच्या नावावर नसतात. कमिशनच्या आमिषानं आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला देणारी तरुण पोरं असतात, त्यांच्या नावावर ती असतात. ही झाली भाड्याची खाती. तपास सगळ्यात आधी याच पोरांच्या दारात पोहोचतो. 'मला काही माहीत नव्हतं, मित्रानं मागितलं म्हणून दिलं' एवढं सांगून त्यांची सुटका होत नाही.

या धावपळीला आवर घालण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं २०२१ मध्ये एक यंत्रणा उभी केली. आधी तिचा क्रमांक १५५२६० होता, आता १९३० आहे. या क्रमांकावर तक्रार नोंदली की माहिती संगणकावरून थेट पैसे गेलेल्या बँकेकडे आणि पैसे पोहोचलेल्या बँकेकडे जाते. रक्कम अजून तिथंच असेल तर बँक ती अडकवून ठेवते. पुढं सरकली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. पैशाच्या मागं तक्रार पळत असते म्हणा ना. तक्रार जितकी लवकर सुटेल तितकी पैसा गाठण्याची शक्यता जास्त.

संसदेत दिलेल्या त्याच माहितीनुसार या यंत्रणेमुळं १७.८२ लाख तक्रारींत मिळून ५,४८९ कोटी रुपये वाचले. गेलेल्या रकमेच्या मानानं हे थोडं आहे, पण जे वाचलं ते मुख्यतः वेळेवर केलेल्या फोनमुळं वाचलं.

फोन करताना जवळ काय हवं? बँकेचं नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो तुमच्या ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. पैशाचा पुढचा प्रवास शोधण्यासाठी हाच क्रमांक सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

हद्दीचा घोळ : कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सीमाभागातल्या माणसानं तिची दोन कलमं लक्षात ठेवावीत.

पहिलं, कलम १७३. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. हद्द आपली नसेल तर पोलिसांनी फिर्याद नोंदवून ती योग्य स्थानकाकडे पाठवायची असते. 'आमच्याकडे येत नाही, तिकडं जा' हे उत्तर कायद्यात बसत नाही. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

दुसरं, कलम २०२. फोन, मेसेज किंवा इंटरनेटवरून फसवणूक झाली असेल तर तो मेसेज जिथून निघाला किंवा जिथं पोहोचला, त्या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांत खटला चालू शकतो. म्हणजे चोरटा झारखंडात बसलेला असो की परदेशात, कॉल पिरनवाडीत आला असेल तर बेळगावच्या न्यायालयाला अधिकार आहेच. सिम कुठल्या राज्याचं, खातं कुठल्या शाखेत, यानं हा अधिकार जात नाही.

प्रत्यक्षात कुठं जायचं? पिरनवाडी बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येते, तर निपाणी, चिकोडी, खानापूर हे तालुके जिल्हा पोलीसप्रमुखांच्या अखत्यारीत. कर्नाटकात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस स्थानकं आहेत. शहरासाठी वेगळं, जिल्ह्यासाठी वेगळं. चंदगड, गडहिंग्लज, कागल भागातल्या लोकांसाठी कोल्हापूर पोलिसांचं सायबर ठाणं आहे. पण ते लांब आहे म्हणून उद्यावर ढकलू नका. जवळच्या कोणत्याही पोलीस स्थानकात फिर्याद देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालचा तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो.

१९३० क्रमांक देशभर एकच असला तरी फोन घेणारी माणसं त्या त्या राज्याच्या पोलिसांची असतात. म्हणून बोलताना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं की आपण कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गावात राहतो आणि कॉल आला तेव्हा कुठं होतो. सिम महाराष्ट्राचं आणि मुक्काम कर्नाटकात असेल तर हे सांगणं फारच गरजेचं.

भाषेचाही प्रश्न येतो. बेळगाव जिल्ह्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. कलम १७३ नुसार तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची असते आणि मगच सही घ्यायची असते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. कन्नड वाचता येत नसेल तर मजकुराचा अर्थ समजावून घ्या. रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक हे आकडे स्वतः तपासा. आकडा चुकला तर पुढचा सगळा तपास चुकीच्या खात्यामागं जातो. फिर्याद घेण्यास नकार मिळाला तर त्याच कलमानुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

दुसरा धागा : नंबर

'नंबर दिलाय ना, मग चोराला धरा की!' असं लोक सहज म्हणतात. पण नंबरावरून माणसापर्यंत पोहोचायला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे सिम कुणाच्या नावावर आहे ते शोधणं. ते बहुतेक वेळा तिसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेलं असतं. दुसरी पायरी कॉलची यादी, म्हणजे सीडीआर. कोणत्या नंबरावरून कोणाला, किती वाजता, किती वेळ कॉल झाला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरखाली होता हे त्यात असतं. काय बोलणं झालं ते मात्र त्यात नसतं. तिसरी पायरी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा १५ अंकी क्रमांक. चोरटे सिम बदलतात, पण बऱ्याचदा हँडसेट तोच ठेवतात. त्या हँडसेटमध्ये आधी कोणती सिम घातली होती हे कळलं की एखादं जुनं, खऱ्या नावाचं सिम हाती लागतं. कितीतरी तपास याच ठिकाणी मार्गी लागतात.

व्हॉट्सॲप कॉल असला की काम वाढतं. हा कॉल मोबाईल कंपनीच्या कॉल यादीत येतच नाही, तो इंटरनेटवरून जातो. मग पोलीस व्हॉट्सॲप कंपनीला कायदेशीर नोटीस पाठवून त्या खात्याची माहिती आणि वापरलेला आयपी पत्ता मागतात. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा घर क्रमांक, असं सांगितलं जातं. पण मोबाईल इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्यामागं एकाच वेळी शेकडो ग्राहक असू शकतात. एका मोठ्या चाळीला एकच दार क्रमांक दिल्यासारखं. नेमकी खोली शोधायला वेळ अगदी सेकंदापर्यंत लागते आणि त्यासोबत पोर्ट क्रमांकही.

वेळेचीही एक गंमत आहे. परदेशी कंपन्या माहिती देताना बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळ वापरतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. हा फरक ध्यानात न घेता यादी मागवली तर रात्री दहाच्या कॉलऐवजी भलत्याच वेळेचा भलताच माणूस समोर येतो.

या नोंदी कायम राहत नाहीत. मोबाईल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या आदेशानुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. दुकान, एटीएम किंवा लॉजवरच्या सीसीटीव्हीचं चित्रण तर जागा भरली की जुन्यावर नवं चढत जातं, काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांतच. तीन महिन्यांनी तक्रार द्यायला गेलेल्या माणसाचा एक पुरावा अशा रीतीनं आधीच पुसलेला असतो.

चोरट्याचं ठिकाण कळलं तरी काम संपत नाही. बेळगावचे पोलीस दुसऱ्या राज्यात जाऊन कुणाला अटक करतात तेव्हा तिथल्या दंडाधिकाऱ्यांपुढं त्याला हजर करून ट्रान्झिट रिमांड घ्यावा लागतो, मगच त्याला इकडं आणता येतं. वीस-पंचवीस हजारांच्या एका तक्रारीसाठी पथक पाठवणं अवघड असतं. पण एकाच खात्याविरुद्ध निपाणी, सांगली, पणजी अशा दहा ठिकाणांहून तक्रारी आल्या की त्या राष्ट्रीय पोर्टलवर एकमेकींना जोडल्या जातात आणि टोळी दिसायला लागते. म्हणून छोटी रक्कम गेली तरी तक्रार करावी. तुमचे पाच हजार दुसऱ्याच्या पाच लाखांच्या तपासातला दुवा ठरू शकतात.

तिसरा धागा : यंत्र

छापा पडला, फोन आणि लॅपटॉप जप्त झाले. आता पोलिसांनी ते सुरू करून बघायचं का? मुळीच नाही. चालू केलेला संगणक स्वतःच शेकडो फाइल्सच्या तारखा बदलतो. मोबाईल नेटवर्कला जोडलेला राहिला तर दुरून कुणीतरी त्यातला मजकूर पुसू शकतो. म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकतात किंवा लहरी आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या खास पिशवीत ठेवतात. नव्या कायद्याच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रणही सक्तीचं झालं आहे.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मूळ डिस्कवर काम करत नाहीत. फक्त वाचू देणारं, लिहू न देणारं उपकरण मध्ये जोडून तिची बिट-बिट हुबेहूब प्रत काढतात. पुसलेल्या फाइल्सचाही शोध या प्रतीत घेता येतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली म्हणजे फक्त तिची नोंद जाते. नवीन मजकूर तिच्यावर बसेपर्यंत मूळ फाइल तिथंच असते. आजच्या मोबाईलमध्ये मात्र सगळा साठा कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो, त्यामुळं पुसलेलं परत मिळवणं बरंच कठीण झालं आहे.

प्रत काढल्यावर तिची 'हॅश' काढतात. एका गणिती सूत्रातून संपूर्ण डिस्कचा मिळून अंक-अक्षरांचा एक छोटा ठसा तयार होतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. डिस्कमधल्या एका पत्रात एका स्वल्पविरामाचा जरी फरक पडला तरी ठसा पूर्ण बदलतो. पूर्वी पार्सलवर लाखेचं सील लावत, तसंच हे. जप्तीच्या दिवशीचा ठसा आणि न्यायालयातला ठसा जुळला तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे सिद्ध होतं.

न्यायालयात टिकेल तोच पुरावा : जालन्याचा धडा

पुरावा सापडणं वेगळं आणि तो न्यायालयानं मानणं वेगळं. यावरचा देशाला लागू झालेला महत्त्वाचा निकाल एका मराठी मतदारसंघातून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतला गेला, असा त्यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण.

चित्रण खरं की खोटं हा वाद नव्हता. वाद होता तो त्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार ते हवं होतं आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र पक्षकारानं सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर अशक्य गोष्टीसाठी त्याला शिक्षा नको. आणि मूळ यंत्रच, म्हणजे तुमचा स्वतःचा मोबाईल, न्यायालयात हजर करून सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही.

आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आलं आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत हॅशची नोंद करावी लागते.

सामान्य माणसानं यातून घ्यायचं ते एवढंच. फसवणुकीचे मेसेज असलेला फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, पण स्क्रीनशॉट म्हणजे प्रत. मूळ पुरावा तुमच्या खिशातला फोनच आहे.

कॉसमॉस प्रकरण : संगणकातला दरोडा, एटीएमवरचे चेहरे

हे सगळे धागे एकत्र कसे येतात याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये हॅकरनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव केला. एटीएमवरून आलेल्या मागणीला होकार देणाऱ्या सर्व्हरची त्यांनी नक्कल उभी केली. मग बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातल्याही काही शहरांतून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी हाँगकाँगमधल्या एका खात्यात आणखी रक्कम पाठवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

पैसे काढलेल्या शहरांत कोल्हापूरही होतं. परदेशातले हॅकर अदृश्य राहिले, पण एटीएमसमोर कार्ड घेऊन उभा राहणारा माणूस अदृश्य राहू शकत नाही. पोलिसांनी एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण, पैसे निघाल्याची नेमकी वेळ आणि त्या वेळी परिसरात असलेले मोबाईल यांची सांगड घातली. एकाला धरल्यावर त्याच्या फोनमधून दुसरा मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

ही बँक होती, तिच्याकडे सर्व्हरच्या नोंदी होत्या. सामान्य माणसाकडे त्याच्या फोनशिवाय काही नसतं. म्हणून तो फोन आणि ती पहिली तक्रार यांना इतकं महत्त्व.

पैसे परत मिळतात का?

अडकवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. साधारणपणे त्यासाठी न्यायालयात अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. १९३० चा पावती क्रमांक आणि एफआयआरची प्रत तेव्हा कामाला येते.

बँकेची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर त्याचं नुकसान शून्य धरलं जातं. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे इथंही सगळं येऊन थांबतं ते 'कधी कळवलं' यावर. बँकेला नुसतं तोंडी सांगू नका, तक्रार क्रमांक घ्या.

उलटाही प्रकार होतो. एखाद्या दुकानदाराला गिऱ्हाइकानं यूपीआयनं पैसे दिले, ते चोरीचे निघाले आणि दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या सूचनेवरून दुकानदाराचं खातं गोठलं. असं झालं तर घाबरू नका. कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पोलीस स्थानकाच्या सांगण्यावरून आणि किती रकमेसाठी खातं अडवलं हे बँकेकडून लेखी घ्या. बिल, मालाची नोंद, गिऱ्हाइकाशी झालेले मेसेज जोडून त्या पोलिसांना पाठवा आणि वादातली रक्कम सोडून उरलेलं खातं खुलं करण्याची मागणी करा.

पैसे गेले तर या क्रमानं

१. फोनवर अनोळखी ॲप घेतलं असेल, लग्नपत्रिका, वाहतूक दंडाचं चलन, सरकारी योजना अशा नावानं आलेली एपीके फाइल उघडली असेल, तर लगेच फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद करा. पुढचे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा.

२. १९३० ला फोन करा. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. पावती क्रमांक लिहून ठेवा.

३. बँकेच्या अधिकृत क्रमांकावर कळवून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा. क्रमांक पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधू नका, तिथंही बनावट कस्टमर केअरवाले बसलेले असतात.

४. चोरट्याचा नंबर, यूपीआय आयडी, लिंक, मेसेज, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढा. काहीही डिलीट करू नका.

५. जवळच्या पोलीस स्थानकात किंवा सीईएन स्थानकात फिर्याद द्या. वाचून घ्या, आकडे तपासा, प्रत मागा.

६. 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर तो त्याच टोळीचा दुसरा डाव समजा.

७. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर तपासा. अनोळखी सिम दिसलं तर तिथूनच कळवा.

घरातल्यांसाठी

फसलेला माणूस बऱ्याचदा गप्प बसतो. 'लोक काय म्हणतील', 'पोरं रागावतील' म्हणून आजी-आजोबा घरातही सांगत नाहीत. चोरटेही मुद्दाम बजावतात, 'कुणाला सांगितलंस तर अटक करू.' बाहेरच्या माणसाला कळलं की पाच मिनिटांत बनाव उघडा पडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. घरात कुणी दार लावून तासन् तास व्हिडिओ कॉलवर असेल, अचानक मुदत ठेव मोडत असेल, सोनं गहाण टाकत असेल, तर जवळ बसून शांतपणे विचारा. आणि पैसे गेल्याचं कुणी सांगितलं तर आधी ओरडू नका, आधी १९३० लावा. खचलेल्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळतं.